पुढचं वाक्य

प्राम्टरभाऊंसमोर आपलं वाक्य आपण पूर्ण करायची सोयच नव्हती. तुम्ही नुसतं 'भाऊ, उद्या जरा' म्हणायचा अवकाश, ते लगेच म्हणणार, "वडशाले जाऊन राह्यले का, अन् येतानी बीपीची गोळी आणता का, हेच ना?" आणि तुम्हाला नेमकं तेच विचारायचं असायचं. प्रजासत्ताक दिनाला सरपंच माइकसमोर उभे राहिले, 'उपस्थित मान्यवर' म्हणून अडखळले, की मागून हलक्या आवाजात यायचं, "आणि माझ्या बंधू-भगिनींनो." सरपंच ते म्हणायचे. मग यायचं, "मी आपला जास्त वेळ घेणार नाही." सरपंच तेही म्हणायचे, आणि पाऊण तास घ्यायचे. त्यावर मात्र भाऊंकडे इलाज नव्हता.

वहिनी तर मेटाकुटीला आल्या होत्या. "बाई, बाकीच्या बायाइले नवऱ्यासंग भांडता तरी येते," त्या मला म्हणायच्या. "मी तोंड उघडलं का हा माणूस माहाच डायलॉग मले सांगते. म्हणते, 'आता म्हण, तुमच्या घरी येऊन मले काय सुख भेटलं.' मंग काय घंटा भांडाव?" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दोघांचं एकही भांडण म्हणे शेवटाला गेलं नाही.

दोष माणसाचा नव्हता, धंद्याचा होता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या एका नाटक कंपनीत भाऊंनी चाळीस हंगाम विंगेत बसून काढले. आमच्याकडचा नट आज या गावात फौजदार, उद्या त्या गावात दारुडा बाप. बिचाऱ्याला पाठ करायला फुरसत कुठली? प्राम्टर वाक्य देतो, नट ते झेलतो आणि त्यात जीव ओततो. त्यासाठी भाऊंनी एक आवाज कमावला होता. तो नटाच्या कानात बरोबर पडायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकूही जायचा नाही. कंपनी सुटली तरी आवाज राहिला, सवयही राहिली. त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. मी त्याच शाळेत शिक्षिका, पण मीही कधी काढून बघितलं नाही.

माझा नवरा भद्रावतीला नोकरीला, मुलगी नागपूरला. घरात मी एकटी आणि एक वर्तमानपत्र. ते वाचायला भाऊ रोज सकाळी माझ्या ओसरीत यायचे. चहा घ्यायचे नाहीत, ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरून बसायचे. मथळा अर्धा वाचून खालची बातमी स्वतःच सांगायचे आणि मग खरी बातमी वाचून म्हणायचे, "हे पाहा, एका शब्दाचा फरक नाई."

फसवाफसवीचे फोन गावात यायला लागले तेव्हा सगळ्यांची झोप उडाली आणि भाऊंचं पुन्हा तारुण्य सुरू झालं. पहिला फोन मी माझ्या कानांनी ऐकला. भाऊंनी फोन स्पीकरवर टाकला आणि नेहमीसारखं म्हणाले, "जयभीम, बोला." तिकडून घाईचा आवाज आला, "सर, मैं बैंक से बोल रहा हूँ." भाऊ शांतपणे म्हणाले, "आपका एटीएम आज बंद हो जाएगा." तिकडून अडखळत आलं, "हाँ सर, आपका एटीएम..." "कार्ड के ऊपर का सोलह अंक बताइए," भाऊंनी पुढचं दिलं. तो माणूस पुरता गोंधळला. हळूच म्हणाला, "सर, आप भी इसी लाइन में हो क्या?"

"लाइन कायची बेटा, पण तुहं पाठांतर कच्चं हाये," भाऊ म्हणाले. "सुरुवातीले दम घे. इतक्या घाईनं बोलशीन तं आयकणाऱ्याले वाटन, याले संडासले जाचं हाये." तिकडून फोन कटला. भाऊंना वाईट वाटलं. त्यांना आणखी दोन सूचना द्यायच्या होत्या.

मग त्यांनी एक लांबट वही केली. कोणालाही असा फोन आला की भाऊ त्याच्याकडून शब्द न् शब्द वदवून घ्यायचे आणि नाटकासारखं लिहून काढायचे. पात्रं, प्रवेश, कोण कुठून आलं, सगळं. "नाटकं दहा-बाराच हायेत, बाई," ते मला सांगायचे. "बाकी नावं बदलून राह्यले. कधी विजेचं बिल, कधी पार्सल, कधी केवायशी. पहिल्या अंकात गोड बोलते, दुसऱ्यात भेव दाखवते. तिसऱ्यात घाई. घाई आली का समजाचं, आता हा आकडा मागते."

"मग काय करायचं?"

"काय कराचं म्हणजे? पडदा पाडाचा." आणि ते अंगठ्याने हवेतच फोन कापून दाखवायचे.

धानाच्या बोनसचा मेसेज आला तेव्हा तर त्यांनी कमालच केली. खाली एक निळी लिंक, वर 'त्वरा करा, आज शेवटची तारीख'. अर्ध्या गावाच्या फोनवर तो आला होता आणि धान विकायला आलेले लोक खरेदी केंद्रावर पोत्यांवर बसून तो एकमेकांना दाखवत होते. कोणी म्हणे दाबावं, कोणी म्हणे नको. भाऊ पोत्यावर चढले आणि म्हणाले, "मले एक सांगा. बोनस कोण देते? सरकार. आजपर्यंत सरकारनं तुम्हाले पैसे देयाची घाई केलेली कोणी पाह्यली काय? पाह्यली असन त्यानं खुशाल दाबा." एकानंही दाबली नाही. शहाण्या माणसांच्या दहा भाषणांनी झालं नसतं ते एवढ्यात झालं.

बाजाराच्या दिवशी एक छत्री लावून कोणीतरी सिमकार्ड विकायला बसायचा. फुकट सिम म्हटल्यावर ही गर्दी. माणसानं मशीनवर अंगठा ठेवला की तो म्हणायचा, 'बराबर नाई आला, पुन्हा ठेवा.' रोवणी-कापणीनं आमच्या लोकांचे अंगठे झिजलेले, त्यामुळे कोणाला संशय यायचा नाही. भाऊंना आला, की दुसऱ्या अंगठ्यावर त्याच माणसाच्या नावानं दुसरं सिम निघत असणार. त्यांनी शेजारच्या भाजीवालीकडून एक रिकामं टोपलं घेतलं, पालथं घातलं, छत्रीखाली ठाण मांडलं आणि दिवसभर मोठ्यानं मोजत बसले. "एक सिम, एक अंगठा. हा झाला. दुसरा कायले पाह्यजे? मशीन पुसा आधी. पहिला कुठी गेला ते दाखवा." पुढच्या बाजाराला छत्री आली नाही. भाजीवाली मात्र टोपल्याचे पैसे मागत बसली, कारण भाऊंच्या वजनानं ते बसलं होतं.

ओळख चोरणे म्हणजे काय, हे मी शाळेत परिपत्रक वाचून शिकवत असे आणि मुलं जांभया देत. भाऊंनी ते एकदा बचत गटाच्या बायकांना सांगितलं ते असं. पूर्वी एका कंपनीचं नाटक गाजलं की दुसरी कंपनी त्याची वही पळवायची. वही गेली की तुमचंच नाटक दुसरा करणार आणि गल्ला त्याचा. म्हणून भाऊ वही पोटाला बांधून निजायचे. "तसं तुमचं आधार म्हणजे तुमच्या भूमिकेची वही हाये," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हाती गेली का तो तुमच्या नावानं रंग लावून उभा राह्यते. सिम घेते, कर्ज उचलते. अन् पोलीस येते तुमच्या घरी. म्हणून झेरॉक्स देतानी त्याच्यावर आडवं लिहा, कायच्यासाठी देली ते, अन् तारीख टाका." स्वतः ते एवढ्यावर थांबायचे नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेला कागद दुकानदारानं डब्यात टाकला की हे डब्यात हात घालून तो काढणार, दुसऱ्यांचेही काढणार, आणि घरोघर नेऊन देणार. "हे घ्या, तुम्ही कचऱ्यात पडले होते."

मी हसायचे. आणि खरं सांगते, मनातल्या मनात नाक मुरडायचे. हे सगळं अडाणी लोकांसाठी ठीक आहे, असं मला वाटे. मी दोनदा एम. ए. झालेली बाई. शाळेच्या भिंतीवर 'ओटीपी कोणाला देऊ नका' हे मी स्वतः रंगवून घेतलेलं.

त्यांचा एक नियम मात्र मला आवडायचा. गावातल्या प्रत्येक फोनची गोष्ट ते सांगत, पण फोन कोणाला आला, कोण फसला, हे कधीही नाही. मी खोदून विचारलं तरी नाही. एकदा म्हणाले, "आमच्या कंपनीतला एक मोठा नट कोर्टाच्या सीनमधी पार गळाठला. एकेक शब्द देऊन देऊन मी त्याले बाहेर काढलं. पब्लिकनं टाळ्या देल्या, बक्षीस देलं. मी त्याले म्हटलं, झकास झालं काम." मी विचारलं, "कोण होता तो?" तर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काही वावगं बोलले. "नाव घेत नसते, बाई. कोण कुठी अटकला, हे प्राम्टरच्या पोटात राह्यते, अन् त्याच्यासंगच जाते."

आणि मग एका रविवारी सकाळी मी अटकले.

फोन व्हिडिओचा होता. समोर खाकी वर्दीतला माणूस, मागे झेंडा, टेबलावर फायली. माझं पूर्ण नाव त्याला माहीत, आधारचे शेवटचे आकडे माहीत. माझ्या नावावर कुठंतरी एक सिम निघालंय, त्यावरून घाणेरडे प्रकार झालेत आणि माझ्यावर गुन्हा आहे, असं तो हिंदीत सांगत होता. आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं सगळं रोज ऐकत होता, तरी? हो, तरी. शाळा, गाव, नवऱ्याची नोकरी, मुलीचं पुढचं आयुष्य, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही म्हणाला, मी हलले नाही. पासबुक आणा म्हणाला, आणलं. मुलीच्या नर्सिंगसाठी आम्ही दोघांनी दहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन ठेवलेली ठेव त्यात होती. ती मोडून 'जाँच के खाते में' टाकायची, निर्दोष ठरले की परत, असं त्याचं चाललं होतं. मी दुसऱ्या फोनवर बँकेचं अॅप उघडूनसुद्धा बसले होते.

तेवढ्यात खिडकीबाहेरून तो आवाज आला. वर्तमानपत्र वाचायला आलेले भाऊ ओसरीत कधी येऊन बसले, मला कळलंही नव्हतं. तो आवाज माझ्या कानात पडत होता आणि फोनमधल्या माणसाला ऐकू जात नव्हता.

"आता म्हणन, दरवाज़ा बंद कीजिए."

"मैडम," फोनमधला म्हणाला, "दरवाज़ा बंद कीजिए."

मी दाराकडे गेले, दार लोटलं, परत बसले. खिडकीतून पुन्हा आलं, "घर में किसी को मत बताइए. केस सीक्रेट है."

"और सुनिए, घर में किसी को मत बताइए," तो म्हणाला. "केस सीक्रेट है."

"आता हा रडकुंडीले आणन, मंग मोठे साहेब येतीन. साहेबाची एंट्री डावीकून."

आणि खरोखर डावीकडून एक साहेब आला. टोपी घातलेला, मिशीवाला. मला काय झालं कोणास ठाऊक, पोटातून हसू उसळलं. गुन्हेगार म्हणून अटकेत असलेली मी, पासबुक मांडीवर, डोळ्यांत पाणी, आणि खो खो हसत होते. साहेब दचकला. "मैडम, ये हँसने की बात नहीं है!" खिडकीच्या गजांआडून फोनकडे डोकावत भाऊ म्हणाले, "मिशी ढिल्ली हाये त्याची. पाडा पडदा, बाई." मी पाडला.

मग मात्र मी ओसरीत येऊन लहान पोरीसारखी रडले. भाऊंनी पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "भाऊ, मला सगळं माहीत होतं. मग मी फोन कापला का नाही?" त्यांनी ज्येष्ठमध या गालातून त्या गालात घेतला. "तुम्ही झाडीतल्या ना, बाई," ते म्हणाले. "आपल्याकडं नाटक लागलं का मधातून कोणी उठते का? कितीही भिकार असो, नटाचा अपमान नाई करत आपण, शेवटलोक बसतो. ते बेनं समोर इतक्या जीवानं काम करून राह्यलं होतं, तुम्ही कशा उठसान? चांगल्या प्रेक्षक हा तुम्ही. तेच चुकलं. भिकार नाटकातून उठून जाले शिका."

हे ऐकायला आज गोड वाटतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ही गावाला कळता कामा नये. भाऊ म्हणाले, "नंबर, वेळ लिहा, सायबरवाल्याइले कळवा." मी म्हटलं, नको, नाव फुटेल. भाऊ म्हणाले, "मंग गटातल्या बायाइले तरी सांगा. तुम्ही सांगसान तं लोकं आयकतीन." मी हात जोडले. "भाऊ, भिंतीवर लिहिणारी बाई मी. लोक तोंडात शेण घालतील. तुम्हाला वहिनींची शपथ." भाऊंनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "माह्या पोटात राह्यलं. पण बाई, हे पोट लय भरून राह्यलं आता." मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला हवं ते वचन मिळालं होतं.

शालू माझी शेजारीण. शिवणकाम करते. तिचा नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, म्हणून दोघी एकट्या, म्हणून रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर आमचा चहा. माझे सगळे ब्लाउज तिच्या हातचे आणि माझी सगळी गुपितं तिच्या कानातली. हे एक सोडून.

एके दिवशी ती दुपारीच आली. ओढणीनं डोळे पुसून पुसून लाल झालेले. "बाई, मी लुटली गेली व," म्हणाली आणि खाली बसली. घरावर स्लॅब टाकायला साठवलेले सगळे पैसे गेले होते. ती सांगू लागली. वर्दीतला माणूस होता. मागं झेंडा होता. मग एक मिशीवाला साहेब आला.

मी तिचा हात हातात धरून बसले होते. मी काय बोलले असेन? "कसले कसले लोक असतात ग जगात!" असं बोलले. थोबाडीत मारावी अशी बाई मी. तक्रार करायला मीच तिला घेऊन गेले, बँकेत मीच भांडले, आणि त्यामुळे थोडे पैसे अडकून वाचले. पण ते सगळं मी धावून धावून केलं ते कशासाठी, हे मला माहीत होतं आणि भाऊंना माहीत होतं.

भाऊ सकाळी वर्तमानपत्राला येतच राहिले. मी म्हणायचे, "भाऊ, मी विचार करत होते की..." आणि थांबायचे, ते पुढचं सांगतील म्हणून. त्यांनी कधी सांगितलं नाही. ते नुसते कागदाकडे बघत बसायचे. असं आठ दिवस चाललं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी दुपारी विहारात बचत गटाची बैठक होती. भाऊंना नेहमीप्रमाणे बोलावलं होतं. त्यांनी वर्दीवाल्यांचं नाटक करून दाखवलं, बायका हसल्या. शालू भिंतीशी मान खाली घालून बसली होती. आणि मागून एक जण म्हणाली, "एवढं तं अडाण्यालेबी समजते. काही काहींची अक्कलच गहाण असते बापा." तक्रार केल्यामुळे शालूचं गावभर झालं होतं; सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

मी उभी राहिले. "मी," म्हणाले आणि पुढं काही येईना. रोज पोरांसमोर पाच तास बोलणारी मी. मी भाऊंकडे बघितलं. मनात म्हटलं, एक शब्द द्या, बाकीचं मी ओढते. भाऊंनी वही मिटली आणि मान खाली घातली. एवढ्या वर्षांत त्यांनी उभ्या असलेल्या माणसाला शब्द दिला नाही, असं तेव्हाच घडलं.

मग मी माझी मीच बोलले. वर्दी, झेंडा, पासबुक, रडणं, हसणं, सगळं.

शालू उठली. "कधीची गोष्ट हाये?"

"तुझ्या आधी एकवीस दिवस."

"एकवीस दिवस," ती म्हणाली. "एकवीस दिवस मी रोज तुह्या ओट्यावर चहा पेली." आणि चप्पल घालून निघून गेली.

तिच्यामागून अंगणवाडीची मदतनीस उभी राहिली आणि म्हणाली, मलाही आला होता, भाऊनं वाचवलं. मग आणखी एक. मग जी अक्कल गहाण म्हणाली होती ती, आणि तिचे तर पैसेही गेले होते. प्रत्येकीला वाटत होतं की गावात आपण एकटीच मूर्ख. भाऊ कोपऱ्यात बसून एकेकीकडे बघत होते. त्यांना सगळी नावं माहीत होती.

घरी येताना ते वाटेत थांबले. "बाई, माही लय मोठी चूक झाली," म्हणाले. "नाव झाकलं म्हणजे इज्जत राखली, असं मी समजलो. नाटकात ते बराबर हाये. नाटकातला अटकला तं दुसऱ्या दिवशी दुसरं गाव असते. इथी तं तेच बेनं, तेच नाटक, घराघरात घेऊन फिरून राह्यलं होतं, अन् मी वही छातीशी धरून बसलो. त्या पोरीचा स्लॅब माह्या तोंडामुळं गेला." मी म्हटलं, माझ्यामुळं. त्यावर आम्ही दोघं थोडं भांडलो. त्यांनी माझं ऐकलं नाही. तसेच शालूच्या घरी गेले आणि तिच्यासमोर कान धरून उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाला असं उभं बघून ती रडली, त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांना तिनं माफ केलं. मला नाही. शिवायला टाकलेलं माझं कापड तिनं दुसऱ्या दिवशी न शिवता परत पाठवलं.

त्यानंतर भाऊंनी पद्धत बदलली. ज्याला फोन आला त्यालाच घेऊन फिरायचे, त्यालाच बोलायला लावायचे, आणि सुरुवात मी करायची. किती गावांत मी माझी फजिती सांगितली असेल, हिशेब नाही. नागभीडकडच्या एका गावात तर लोक म्हणाले, बाई, साहेबाची मिशी ढिल्ली होती तो भाग पुन्हा सांगा. शालूचा ओटा आणि माझा ओटा मात्र तोंड फिरवून बसले होते. मी रोज संध्याकाळी दोन कप चहा टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. आहे मी अशी.

गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत भाऊ आजारी पडले. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात मी भेटायला गेले. आवाज पार बसला होता. मी म्हटलं, "भाऊ, लवकर..." त्यांनी हात वर केला. "बरे व्हा, असं नका म्हणू," म्हणाले. "ते वाक्य खोटं हाये. दुसरं काही बोला." मग मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, अर्धा मथळा वाचून थांबत थांबत. चार दिवसांनी ते गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला विहार भरून गेला. दुपारची वेळ, बाहेर मांडव घालावा लागला. लोक एकेक करून बोलायला उठत होते आणि भाऊंबद्दल बोलता बोलता प्रत्येक जण स्वतःचीच फजिती सांगत होता. पोलीस पाटील उठले आणि म्हणाले, खोट्या पोलिसाला मी सलाम ठोकला होता आणि ओटीपीसुद्धा देऊन बसलो होतो. लोक हसायला लागले. सोसायटीचे सचिव म्हणाले, मी लॉटरीचा कर भरायला निघालो होतो, लॉटरी काढली नसताना. पुन्हा हशा. वहिनी हसत होत्या आणि रडत होत्या. "एकाचंबी नाव मले सांगतलं नाई जी या माणसानं," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "संग निजत होता, पण नाई सांगतलं."

माझी बोलायची पाळी झाली होती. मी बायकांच्या बाजूला, सतरंजीच्या कडेला बसले होते. शालू उशिरा आली. दारात उभी राहून तिनं जागा शोधली. आत पुष्कळ जागा होती, मी स्वतः बघितलं. ती तिकडे गेली नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. दीड वर्षानंतर.

"सरक व," ती म्हणाली. "सगळी सतरंजी तुह्या एकटीची हाये काय?"

मी सरकले.